मादलेन की बेले: अभ्यासासाठी कोणते व्यक्तिचित्र निवडावे?

नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या शैलीतील व्यक्तिचित्र आणि गुलामगिरीचे राजकारण यांचा संबंध अभ्यासू पाहणाऱ्यासमोर दोन फ्रेंच चित्रे हमखास येतात: आन-लुई जिरोदे याने १७९७ मध्ये रंगवलेले जाँ-बाप्तिस्त बेले याचे चित्र, जे आज व्हर्सायला आहे, आणि मारी-गिय्मिन बेनुआ हिने १८०० मध्ये रंगवलेले, लूव्र संग्रहालयातील मादलेन या काळ्या स्त्रीचे चित्र. निबंध एकाच चित्रावर लिहायचा असेल, तर कोणते घ्यावे?

बेलेचे चित्र हाताळायला सोपे आहे, कारण त्यातील माणसाचा इतिहास नोंदलेला आहे. सां-दोमांगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, गुलाम असलेला बेले स्वतःची मुक्तता विकत घेऊन सैनिक झाला, पॅरिसच्या राष्ट्रीय अधिवेशनात, म्हणजे क्रांतिकाळातील फ्रेंच संसदेत, प्रतिनिधी म्हणून बसला आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी गुलामगिरी रद्द करणारा ठराव झाला तेव्हा सभागृहात हजर होता. चित्रात तो तिरंगी कमरपट्टा बांधून, गुलामगिरीचे टीकाकार आबे रेनाल यांच्या संगमरवरी अर्धपुतळ्याला रेलून उभा आहे. संदेश उघड आहे; माझ्या मते थोडा जास्तच उघड.

बेनुआच्या चित्रात असा कोणताही आधार नाही. पार्श्वभूमी रिकामी आहे. पांढरा फेटा आणि पांढरे वस्त्र, खुर्चीवर टाकलेली निळी शाल आणि कमरेची लाल फीत यांतून फ्रेंच तिरंगा सुचतो, पण तो हेतुपुरस्सर आहे की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. नवअभिजात चित्रकार जाक-लुई दाविदच्या या शिष्येने काळ्या त्वचेच्या छटा ज्या बारकाईने टिपल्या आहेत, खुर्चीत बसवण्याचा जो मान दिला आहे आणि बसलेलीची नजर जशी थेट आपल्यावर रोखली आहे, त्यावरून हे चित्र मुक्तीचा जाहीरनामा वाटू लागते. मात्र उघडे वक्षस्थळ त्या वाचनाला अडवते. ते स्वातंत्र्यदेवतेचे रूपक म्हणता येईल, पण प्रतिष्ठित घरातील गोरी स्त्री स्वतःच्या व्यक्तिचित्रासाठी अशी क्वचितच बसली असती. बसलेली स्त्री चित्रकर्तीच्या दिराने ग्वादलूप या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीतून आणलेली मोलकरीण होती. सालों या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात चित्राला तिचे नाव नव्हते, तिचा केवळ वर्ण सांगणारे शीर्षक होते. उलट चित्रकर्तीने सहीत माहेर आणि सासर अशी दोन्ही आडनावे घातली. ‘मादलेन’ हे नाव शीर्षकात आले ते २०१९ मध्ये, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने.

कागदपत्रांच्या आधाराने ठाम विधान करायचे असेल, तर बेले निवडावा. परंतु प्रश्न चित्राच्या सामाजिक अर्थाचा असेल, कोण कोणाला रंगवतो आणि त्यातून कोणाचे नाव होते हे तपासायचे असेल, तर मादलेनच निवडावी. दोन्ही व्यक्तींना एकाच कालपटावर ठेवणे मात्र टाळू नये: नेपोलियनने १८०२ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली, बेले १८०५ मध्ये कैदेत वारला, आणि मादलेनचे चित्र १८१८ मध्ये राजे अठरावे लुई यांनी लूव्रसाठी विकत घेतले तेव्हाही ग्वादलूपमधील गुलामगिरी संपायला तीस वर्षे बाकी होती.