फ्रेशआरएसएस : न वाचलेल्या बातम्यांचा आकडा खरा ठेवणारा फीड रीडर

कांद्याच्या धंद्यात बातमी उशिरा कळून चालत नाही. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी आली. 4 मे 2024 ला उठली, पण टनामागे 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क मागे ठेवून. पुढे शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण गेलं. मी नाशिकमध्ये एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघते. लासलगाव, पिंपळगावचे लिलाव सुरू व्हायच्या आत बातम्या चाळून शेठना सांगणं माझ्याकडे आहे. त्यासाठी मी फीड रीडर वापरते. बातमीस्थळं आपल्या ताज्या बातम्यांची जी यादी देतात ती फीड, आणि अशी अनेक फीड एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे रीडर. त्यामुळे रीडरच्या डाव्या बाजूचा न वाचलेल्यांचा आकडा मला चोख लागतो.

आधीच्या रीडरमध्ये तो कधीच चोख नसायचा. आकडा दिसायचा, उघडलं तर यादी रिकामी. का, ते कळायला काही मार्गच नव्हता. फ्रेशआरएसएस मला आवडला तो इथेच: आकडा चुकीचा वाटला तर कारण शोधता येतं.

एका बातमीस्थळाच्या फीडमधल्या त्याच त्या बातम्या रोज नव्या म्हणून वर यायच्या. फीडमधल्या प्रत्येक बातमीला एक ओळखखूण असते, तिला जीयूआयडी (GUID) म्हणतात. रीडर शीर्षक बघत नाही, ही खूण बघतो. मी ब्राउझरमध्ये फीड थेट उघडलं, थोड्या वेळाने पुन्हा उघडलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. बातमी तीच, पण जीयूआयडीच्या शेवटी वेळेचे आकडे जोडलेले, आणि बातमीला हात लागला की ते बदललेले. मग रीडर तिला नवीनच समजणार! यावर फ्रेशआरएसएसमध्ये त्या एका फीडपुरता उपाय आहे: अलीकडच्या बातम्यांत तेच शीर्षक आधीच असेल तर नवी प्रत वाचलेली धरायची. तो लावला आणि कटकट गेली.

याच्या उलटही एक सोय आहे, ती मला फार मोलाची वाटते. मजकूर बदललेली जुनी बातमी पुन्हा न वाचलेली करायची की नाही, हे प्रत्येक फीडला वेगळं ठरवता येतं. सरकारी अधिसूचनांच्या फीडला मी ते चालू ठेवलंय, कारण तिथे एका दुरुस्तीने आख्खा कंटेनर अडकू शकतो. वर्तमानपत्रांना बंद.

मुख्य यादीत शून्य आणि एखाद्या वर्गासमोर (म्हणजे फीडच्या गटासमोर) मात्र आकडा, असं दिसलं तर त्या वर्गातल्या फीडची सेटिंग बघा. ते फक्त वर्गात दाखवायचं असं ठरवलेलं असतं. स्क्रोल करताना वाचलेलं धरण्याचा पर्याय मी बंदच ठेवते. भरभर खाली गेलं की महत्त्वाची बातमी न वाचताच निघून जाते.

फोनचा भाग थोडा अवघड. याचं स्वतःचं मोबाइल ॲप नाही, दुसरं ॲप जोडावं लागतं. अँड्रॉइडवर आयकॉनवरचा ठिपका सूचनेचा असतो, न वाचलेल्यांचा नाही. सूचना सरकवून टाकली की ठिपका जातो, बातमी तशीच राहते. फोनवरचा आकडा मागे राहत असेल तर आधी त्या ॲपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा, कारण त्यामुळे पाठीमागचं सिंक, म्हणजे सर्व्हरशी ताळमेळ, थांबतं.

सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त स्रोत आहे, पण ते आपल्याच सर्व्हरवर बसवावं लागतं. आमच्याकडे ऑफिसातल्या जुन्या संगणकावर भाच्याने बसवून दिलं. संगणक इन्व्हर्टरवर ठेवा, हे मुद्दाम सांगते. बहुतेक फीडमध्ये शेवटच्या थोड्याच बातम्या असतात. लाइट जाऊन मशीन बराच वेळ बंद राहिलं, तर मधल्या बातम्या फीडमधून निघून जातात आणि रीडरमध्ये कधी येतच नाहीत. तेव्हा आकडा बरोबर दिसतो, पण बातमी हुकलेली असते.

लिनक्सची थोडी माहिती असलेलं कोणी घरात किंवा ऑफिसात असेल तर बिनधास्त घ्या. तसं कोणी नसेल तर आधी एखाद्या जाणकाराला गाठा आणि मगच सुरुवात करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मोबाइल ॲपसाठी कापला.