एसएसडी बसवली आणि लॅपटॉप सुरूच होईना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ताईच्या जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून क्रूशियल कंपनीची एमएक्स५०० ही एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क (५०० जीबी, सॅटा जोडणीची) घातली, त्याला आता बरेच महिने झाले. एसएसडी उत्तम आहे, त्याकडे येतोच. पण ती बसवल्यावर लॅपटॉप सुरू होईना आणि दुकानातून उत्तर आलं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." मदरबोर्ड ठणठणीत होता. एवढ्यावरून चांगली मशीन भंगारात जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी 'सुरू होत नाही' म्हणजे नेमकं काय ते बघा. दिवा, पंखा काहीच नसेल तर चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, रॅम काढून परत घट्ट बसवा आणि एसएसडी न लावता चालू करून बघा. ताईच्या लॅपटॉपवर कंपनीचा लोगो येत होता, मग काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. लोगो येतोय म्हणजे बोर्ड, रॅम, स्क्रीन काम करतायत.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा. तिथे एसएसडीचं नाव दिसत नसेल तर केबल किंवा सॉकेटकडे बघायचं. एसएसडी एम.२ प्रकारची (पातळ पट्टीसारखी) असेल तर लॅपटॉपचा स्लॉट सॅटाचा आहे की एनव्हीएमईचा (डेटा नेण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती), हेही तपासा. चुकीची जोडी खाचेत बसते, पण बायोसला दिसत नाही. आमच्याकडे नाव दिसत होतं. मात्र बूट मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, यूईएफआयवरून (नवी) लेगसीवर (जुनी) नेलेला होता. तो परत यूईएफआय केला, तरी बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' नव्हताच.

खरी गोम इथे होती. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केली, शिफ्ट-एफ१० दाबून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची यादी मागवली. जीपीटीच्या (यूईएफआयला लागणाऱ्या मांडणीच्या) रकान्याखाली चांदणी होती, म्हणजे डिस्कची मांडणी बरोबर. पण पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) एकच, सी ड्राइव्हचं. जुन्या डिस्कवर त्याच्याआधी १०० एमबीचं एक छोटं फॅट३२ पार्टिशन होतं, ईएफआय नावाचं. यूईएफआय मशीन विंडोज सुरू करणारी फाइल तिथेच शोधते. क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची नक्कल नवीवर उतरवताना, नुसता सी उचलला आणि ते मागेच राहिलं!

सी थोडा आकसून जागा केली, १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवलं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एस अक्षर दिलं. मग बीसीडीबूट या बूट फाइल्स बनवणाऱ्या आज्ञेला सीवरचं विंडोज फोल्डर दाखवून फाइल्स एसवर लिहायला लावल्या. रीस्टार्ट केल्यावर सरळ ताईचा डेस्कटॉप आला, टॅलीच्या डेटासकट.

दोन गोष्टी अजून. लोगोनंतर निळा पडदा आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं, तर बायोसमध्ये सॅटा मोड आधी होता तोच आहे ना ते पाहा. एएचसीआय आणि रेड (आरएआयडी) या दोन मोडची अदलाबदल झाली की असं होतं. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

आता वापराबद्दल. आधी डेस्कटॉप दिसल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असायची, टॅली उघडायची म्हणजे वाट बघत बसायचं. आता लॉगिन केलं की लगेच काम सुरू. जुन्या हार्ड डिस्कची गुरगुर बंद झाली. विंडोज ४६५ जीबीच दाखवतं, ती फसवणूक नाही, मोजणीचा फरक आहे. कंपनी १८० टीबी लेखनाची आणि पाच वर्षांची हमी देते. रोज ५० जीबी लिहिलं तरी १८० टीबी व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागतील, ताईचं काम तर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एक मात्र खरं, एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं फार कठीण, कारण ट्रिम ही विंडोजची सोय त्या जागा साफ करून टाकते. म्हणून जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून दर शनिवारी बॅकअप घेतो.

मोठी अडचण आता वेगळीच आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ताईच्या लॅपटॉपमधला सातव्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. लिनक्स मिंट घालायला ताई तयार आहे, पण टॅली त्यावर थेट चालत नाही, त्यामुळे सध्या तिथे गाडी अडली आहे.