अठरा हजारांत ३२ की ४३ इंची? गावातल्या घरासाठी टीव्ही घेताना

सोयाबीन विकलं, कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हाती आले, की दिवाळीच्या सुमारास तालुक्याच्या दुकानात हा पेच हमखास पडतो. अठरा हजारांच्या आसपास नावाजलेल्या कंपनीचा ३२ इंची टीव्ही येतो, आणि त्याच पैशात फारसं नाव न ऐकलेल्या कंपनीचा ४३ इंचीही मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचीवर आधीपासूनच १८ टक्के होता, त्यामुळे दोघांच्या किमतीतलं अंतर आणखी कमी झालं. मोठ्याकडे मन ओढणारच. पण खेड्यात टीव्ही किती वर्षं टिकेल, हे इंचांवर ठरत नाही. लाईन, ऊन आणि मेकॅनिक किती लांब आहे, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

आधी घरात चित्र कुठून येणार ते पाहा. डीडी फ्री डिश असेल तर त्यावरचे बहुतेक चॅनेल एसडी असतात, म्हणजे चित्राच्या ५७६ ओळी. ३२ इंची एचडी रेडी पडद्यावर ७६८ ओळी असतात, तिथे हे चित्र नीट बसतं. तेच चित्र ४३ इंची ४के पडद्याच्या २१६० ओळींवर ताणलं की चेहरे पुसट होतात आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं फुटतात. खाट पडद्यापासून पाच-सहा फुटांवर असेल आणि घरी फक्त फ्री डिश असेल, तर ३२ इंचीच उजवा. सात-आठ फुटांवरून बघायचं असेल, घरात एचडी सेटटॉप बॉक्स किंवा फायबरचं नेट असेल, तेव्हाच ४३ इंचीचे पैसे वसूल होतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवू नका. एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातो आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एक सिनेमाही पुरा होत नाही.

आता विजेबद्दल, कारण गावात टीव्ही सगळ्यात जास्त इथेच जळतात. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज १६०-१७० वर येतं आणि लोक घाबरून स्टॅबिलायझर आणतात. खरं तर आजच्या बहुतेक टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. मागच्या स्टिकरवर तसं छापलं असेल, तर कमी व्होल्टेजचं भय नको. मारक असतं ते जास्त व्होल्टेज. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रलची तार सुटली की २३० च्या जागी ३००-३५० व्होल्ट, कधी ४०० च्या जवळपास घरात शिरतं आणि पॉवर सप्लाय क्षणात जातो. लाईन जाऊन परत येतानाचा झटकाही तसाच वाईट.

इथे स्पाइक गार्ड आणि हाय कट असलेला स्टॅबिलायझर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्पाइक गार्डमधला भाग क्षणभराचा झटका शोषतो. व्होल्टेज मिनिटभर चढूनच राहिलं, तर तो स्वतः जळतो आणि टीव्हीला वाचवत नाही. टीव्हीसाठी असा स्टॅबिलायझर घ्या, जो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की पुरवठा तोडतो आणि लाईन आल्यावर काही सेकंद थांबून मग चालू करतो. मीटरनंतरच्या बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर त्याहून बरा, कारण त्याने फ्रीज आणि पंखेही वाचतात. तो वायरमनकडूनच बसवून घ्यावा.

विजेचा कडकडाट सुरू झाला की यातलं काहीच कामाचं नाही. आभाळ भरून आलं की कडकडाटाआधीच प्लग काढा, आणि छत्रीची (डिश अँटेनाची) केबलही काढा. बरेच जण प्लग काढतात आणि केबल तशीच ठेवतात. मग जवळ वीज पडली की झटका छत्रीवरून केबलने सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीच्या मेनबोर्डात जातो. अर्थिंगचा खड्डाही पाहून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की तिची पकड सुटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं.

ऊन ही दुसरी परीक्षा. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त तापतं. उष्णतेने आधी जातात त्या पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या. पट्टीवरचे दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा उडाला तरी अख्खी पट्टी विझते. आवाज येतो पण चित्र दिसत नाही, तेव्हा खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. फिकट चित्र दिसलं तर पॅनेल (चित्र दाखवणारी काच) शाबूत आहे, पट्ट्या बदलून काम भागतं. एकच दिवा बदलायचा म्हटलं तर नको म्हणा. बाकीचेही तितकेच थकलेले असतात, म्हणून पूर्ण संच बदलून घ्या. पट्ट्यांचं आयुष्य वाढवायला पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये ‘होम मोड’ निवडा आणि बॅकलाइट ५०-६० वर आणा. दुकानातल्या मोडमध्ये तो १०० वर असतो. कूलरचा झोत टीव्हीवर येऊ देऊ नका. ओलसर वारा आणि धूळ मिळून बोर्डावर थर बसतो.

मोठ्या, स्वस्त टीव्हीची खरी अडचण दुरुस्तीच्या वेळी कळते. पॅनेल गेलं तर नवीन पॅनेलची किंमत टीव्हीच्या किमतीला टेकते, आणि ४३ इंचीचं पॅनेल अर्थातच महाग. म्हणून दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. आपल्या पिनकोडवर माणूस घरी येतो का? पॅनेलची वॉरंटी वेगळी किती? नगरपालिका हद्दीबाहेर येण्या-जाण्याचे पैसे कोण देणार? शेवटच्याचं उत्तर वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत असतं आणि बहुधा ते ग्राहकाच्या माथी असतं. दुकानदाराच्या ‘हो’वर थांबू नका, कंपनीच्या नंबरवर स्वतः पिनकोड सांगून खात्री करा. तालुक्याच्या मेकॅनिकलाही विचारा की कोणत्या कंपनीचे बोर्ड आणि पट्ट्या नागपूर-अमरावतीच्या बाजारात लगेच मिळतात. ज्या टीव्हीचा सुटा भागच मिळत नाही, तो दोन हजारांनी स्वस्त असूनही महागात पडतो.

स्मार्टच्या बाबतीत थोडक्यात. १ जीबी रॅमचा टीव्ही वर्षभरात अडखळायला लागतो, निदान दीड-दोन जीबी बघा. स्वस्त टीव्हींमध्ये अँड्रॉइड आहे असं सांगतात, पण गूगलचं प्रमाणपत्र नसतं. त्यावर प्ले स्टोअर किंवा नेटफ्लिक्स नीट चालेलच असं नाही. दुकानातच उघडून बघा.

तेव्हा अठरा हजारच असतील तर आमचं मत स्पष्ट आहे. त्यातले दोन-तीन हजार प्रोटेक्टर व अर्थिंगसाठी राखा आणि बाकीच्यात सर्व्हिस पोहोचते अशा कंपनीचा ३२ इंची घ्या. ४३ इंचीच हवा असेल तर बजेट पंचवीस हजारांच्या पुढे न्या. तेवढे पैसे नसतील तर पुढच्या हंगामापर्यंत थांबलेलं बरं.

टीव्ही घरी आल्यावर भिंत मातीची किंवा कच्च्या विटांची असेल तर टांगू नका, टेबलावरच ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा. कपडा जेमतेम ओला करून पुसा, पडद्यावर पाणी कधीच फवारू नका. ओघळ खालच्या कडेत शिरला की तिथल्या नाजूक पट्टीच्या जोडण्या खराब होऊन पडद्यावर उभ्या रेघा येतात, आणि ते वॉरंटीत बसत नाही. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. खोका आणि थर्माकोल निदान वर्षभर जपा. दुरुस्तीला तालुक्याला न्यायची वेळ आली तर टीव्ही त्यातच घालून उभा न्यायचा. आडवा ठेवला तर रस्त्याच्या दणक्याने पॅनेलला तडा जातो.