नाव बँकेचं, हप्ता आपला: बँक निवृत्तांच्या गट मेडिक्लेमची पारख

सरकारी बँकेतून निवृत्त झालेल्यांच्या घरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन कामं डोक्यावर असतात. एक हयातीचा दाखला, दुसरं १ नोव्हेंबरपासून सुरू होणारी गट मेडिक्लेम पॉलिसी. दाखल्याला खर्च जवळपास नाही. पॉलिसीसाठी मात्र पेन्शनच्या खात्यातून वर्षाचा हप्ता एकरकमी वळता होतो, आणि सांगली-मिरजेतल्या बँक निवृत्तांच्या गप्पांत दरवर्षी हाच प्रश्न निघतो: भरायचा की सोडायचा? साठी ओलांडलेल्या आणि बीपी-शुगर असलेल्या माणसाने भरावा, असं आमचं मत आहे. फक्त ‘बँकेने दिलेली सोय’ समजून निर्धास्त राहू नये. ही विकत घेतलेली वस्तू आहे, आणि घासाघीस करता येत नसली तरी नीट निवडता नक्की येते.

आधी ही वस्तू कुठून आली ते बघू. २५ मे २०१५ रोजी बँकांची इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या संघटनांमध्ये दहावा द्विपक्षीय करार झाला. त्यात दवाखान्याचा खर्च बँकेने परत देण्याची जुनी पद्धत जाऊन विमा आला. निवृत्तांची पॉलिसी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुरू झाली. कामावर असलेल्यांचा हप्ता बँक भरते. निवृत्तांसाठी बँकेने करार करून दिला, हप्ता मात्र ज्याचा त्याने भरायचा. काही बँका कर्मचारी कल्याण निधीतून हातभार लावतात, पण तो बँकेनुसार आणि वर्षानुसार बदलतो. गेल्या वर्षी मिळाला म्हणून यंदा मिळेलच असं धरू नका.

हप्ता चढत जातो याचं कारण साधं आहे. या गटात सगळेच वयस्कर, त्यामुळे क्लेम जास्त. क्लेम वाढले की पुढच्या वर्षी कंपनी दर वाढवते. दर वाढला की नुकतेच निवृत्त झालेले, तब्येतीने ठणठणीत लोक बाहेर पडतात. उरलेला गट आणखी आजारी होतो आणि दर पुन्हा चढतो. त्यात कराची भर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, पण ती सवलत गट विम्याला लागू नाही. पत्र आलं की मूळ हप्ता आणि कर हे दोन आकडे वेगळे वाचा, आणि बाहेरच्या पॉलिसीशी तुलना करताना कर धरून करा.

मग एवढं असूनही भरा का म्हणतो? कारण जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत आणि तब्येतीची तपासणी नाही. बाजारातल्या वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवी पॉलिसी घ्यायला पासष्टीची वयोमर्यादा २०२४ पासून राहिली नसली, तरी अडुसष्टाव्या वर्षी स्टेंट बसलेल्या माणसाचा अर्ज कंपनी नाकारू शकते किंवा जादा हप्ता लावू शकते. इथे नवरा-बायको दोघं एका पॉलिसीत येतात. ॲडमिट होण्याआधीच्या ३० आणि डिस्चार्जनंतरच्या ९० दिवसांचा त्याच आजाराचा खर्चही मिळतो. हे ९० दिवस अनेकांच्या हातून निसटतात. मुख्य फाइल पास झाली की लोक मोकळे होतात, आणि नंतरच्या तपासण्या व औषधांची बिलं कपाटातच राहतात. त्यांचा क्लेम वेगळा, जुना क्लेम नंबर घालून करायचा असतो.

एकदा बाहेर पडलं की परत यायला मिळेल याची खात्री नाही. ऑक्टोबरच्या मुदतीत पर्याय भरायचा राहिला किंवा वळतं करण्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी पडले, तरी नाव गळू शकतं. त्या आठवड्यात मुदत ठेवीत पैसे वळवू नका. दसरा-दिवाळीच्या खरेदीतही ही रक्कम बाजूला ठेवा.

निवडीत मोठा फरक पडतो तो डोमिसिलिअरीचा. म्हणजे ॲडमिट न होता, ठरावीक आजारांवर घरी घेतलेल्या औषधोपचाराचा खर्च. त्याच्यासह पॉलिसी घेतली की हप्ता बराच वाढतो. हिशेब सोपा आहे: दोघांच्या यादीतल्या आजारांच्या औषधांचं वर्षाचं बिल किती आणि हप्त्यातला फरक किती. नुसत्या बीपी-शुगरच्या गोळ्या जेनेरिक दुकानातून घेणाऱ्याला हा फरक सहसा परवडत नाही. कर्करोगाच्या तोंडी गोळ्या किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण तिथे उत्तर उलटं येऊ शकतं.

त्यातून वाचलेले पैसे सुपर टॉप-अपमध्ये, म्हणजे मूळ कवच संपल्यावर पुढचा खर्च उचलणाऱ्या जोडपॉलिसीत घाला. २०१५ च्या करारात अधिकाऱ्यांना ४ लाख आणि कर्मचाऱ्यांना ३ लाखांचं कवच होतं. नंतर कमी रकमेचे पर्यायही आले, आणि स्वस्त म्हणून लोक तेच उचलतात. आजच्या दरात एका बायपासमध्ये हे कवच संपायला आलेलं असतं. समजा कवच ४ लाखांचं आहे. जानेवारीत हृदयाचं काम निघालं, बिल ३ लाख २० हजार. जुलैत गुडघा बदलला, २ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ८० हजार. मूळ पॉलिसी ४ लाखांना थांबते आणि उरलेले १ लाख ८० हजार सुपर टॉप-अप देतो, कारण तो वर्षाची बेरीज बघतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. दोन्ही बिलं ४ लाखांच्या आतली, म्हणून तो एक रुपयाही देणार नाही. एजंटाकडून बाहेरचा घेताना ‘सुपर’ हा शब्द पॉलिसीच्या कागदावर आहे ना, हे स्वतः वाचा.

आता दवाखान्यात शिरू. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला याबाबतीत रडायचं कारण कमी. मिरजेत वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हे गावच दवाखान्यांचं झालं. उत्तर कर्नाटकातले पेशंटही इथेच उतरतात. पण दवाखाना चांगला असणं आणि तो टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, यादीत असणं या वेगळ्या गोष्टी. यादी वर्षात बदलते. रिसेप्शनवर ‘कॅशलेस आहे का?’ असं मोघम विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर येतं. विमा कंपनीचं नाव, टीपीएचं नाव आणि पॉलिसी गटाची आहे हे तिन्ही सांगून विचारा. यादीबाहेरच्या दवाखान्यासाठी जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ आहे. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, तातडीचं असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं. दवाखान्याची तयारी मात्र लागते, आणि लहान नर्सिंग होम बऱ्याचदा नको म्हणतात. मग आधी भरून नंतर मागण्याची तयारी ठेवा.

खोलीभाड्यात सगळ्यात जास्त पैसे जातात, तेही नकळत. मूळ योजनेत साध्या खोलीला दिवसाला ५,००० आणि आयसीयूला ७,५०० ही मर्यादा होती. यंदाच्या पत्रात ती तपासा, आणि प्रमाणात कपातीचं कलम आहे का तेही. असेल तर असं होतं: मर्यादा ५,००० आणि खोली घेतली ८,००० ची, चार दिवस. खोलीचे झाले ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, व्हिजिट मिळून १ लाख, औषधं, इम्प्लांट, तपासण्या ६०,०००. एकूण १ लाख ९२ हजार. कंपनी खोलीचे २०,००० धरते. सर्जन-थिएटरच्या लाखाला ५,००० भागिले ८,००० हे प्रमाण लावून ६२,५०० देते. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही, ते ६०,००० पूर्ण. मिळाले १ लाख ४२ हजार ५००. खोलीतला फरक १२ हजारांचा, खिशातून गेले साडेएकोणपन्नास हजार. मुलगा पुण्याहून येतो आणि ‘बाबांना डीलक्सच द्या’ म्हणतो, तेव्हा हा हिशेब त्याला आधी दाखवा.

कॅशलेसच्या वेळेबद्दल विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत, आणि त्यापुढे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. तरी सकाळी सुटी मिळालेला पेशंट संध्याकाळपर्यंत बसून का राहतो? कारण कंपनीचं घड्याळ अंतिम बिल तिच्याकडे पोचल्यावर सुरू होतं, आणि दवाखान्याचा डेस्क ते दुपारी पाठवतो. आदल्या संध्याकाळीच डेस्कवर सांगून ठेवा, आणि बिल किती वाजता पाठवलं ते विचारून लिहून ठेवा. ‘शुगर कधीपासून आहे?’ अशी क्वेरी आली तर खरं ते सांगा. या पॉलिसीत जुना आजार धरलेला असल्याने लपवून काही मिळत नाही, उलट डॉक्टरांच्या केसपेपरमध्ये वेगळं वर्ष निघालं की फाइल लटकते.

क्लेम नाकारला जाण्याची ठरलेली कारणं आहेत. ‘फक्त तपासणीसाठी ॲडमिट’ हे पहिलं. चक्कर आली, रात्रभर ठेवलं, एमआरआय केला, काही निघालं नाही, घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर काय उपचार केले ते लिहिलेलं नसेल तर हा क्लेम जवळजवळ गेलाच. दुसरं, चोवीस तास पूर्ण नसणं. मोतीबिंदू, डायलिसिस, केमो यांसारख्या त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या (डे-केअर) उपचारांना ही अट नाही, इतरांना आहे. तिसरं, दवाखान्याची व्याख्या. एकतर रुग्णालय म्हणून कायद्याने नोंदणी लागते, ती नसेल तर इतर अटींसोबत खाटांचीही अट येते: दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या गावात, म्हणजे सांगली, मिरज, सातारा, कराड सगळीकडे, किमान दहा खाटा. तालुक्याच्या ठिकाणी सहा खाटांचं हॉस्पिटल असेल तर नोंदणी आहे का ते आधी विचारा. डोळ्यांच्या डे-केअर केंद्राला खाटांची अट नाही. चौथं कारण नावाचं. पॉलिसीत बायकोचं नाव शांता, आधारवर शांताबाई, बँक खात्यात माहेरचं. ऑक्टोबरातच ते सरळ करून घ्या.

आधी भरून मागायचं असेल तर कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत पोचलेच पाहिजेत, असं धरून चाला. फॉर्मचा ‘ब’ भाग दवाखान्याने सही-शिक्क्यासह भरायचा असतो, तो डिस्चार्जच्या दिवशीच घ्या, नंतर पुन्हा हेलपाटा. बिल तपशीलवार हवं, मेडिकलच्या प्रत्येक बिलामागे चिठ्ठी हवी. लेन्स, स्टेंट, गुडघ्याचा सांधा यांच्या पाकिटावरचा स्टिकर आणि बिल हवं. स्टिकर हरवला तर तेवढी रक्कम अडते. सगळ्याचे फोटो काढून ठेवल्याशिवाय मूळ कागद पाठवू नका.

जोडीला आणखी एक दार उघडं ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं: वर्षाला ५ लाख, उत्पन्नाची अट नाही, आधारवर नोंदणी. घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून ५ लाख. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असलेल्यांनाही ते घेता येतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये असलेल्यांना एकाची निवड करावी लागते, हे साताऱ्याकडच्या माजी सैनिकांच्या घरांनी ध्यानात ठेवावं. कार्ड फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या पॅकेजला चालतं. पॅकेजमधलं मोठं ऑपरेशन कार्डावर केलं, तर मेडिक्लेमची रक्कम उरलेल्या वर्षासाठी शाबूत राहते. कोणतं वापरायचं ते ॲडमिट होतानाच सांगावं लागतं.

घरात कुपवाड एमआयडीसीतून किंवा किर्लोस्करवाडीच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला भाऊ-मेहुणा असेल, तर त्याला हे सांगा: किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्याला, पत्नीसह, वर्षाला १२० रुपये आगाऊ भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. पाच वर्षांचा पुरावा मालकाकडून येतो, म्हणून कारखाना सोडतानाच दाखला घ्यावा. दवाखाना ईएसआयचा, रांग मोठी, पण या किमतीला दुसरं काही नाही.

क्लेम नाकारलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. सांगली-सातारा त्याच कार्यालयाखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. अर्जाला नाकारल्याचं पत्र, पॉलिसीची त्या वर्षाची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. पॉलिसीची प्रत बँकेच्या पोर्टलवर असते, पण नूतनीकरण झालं की जुन्या वर्षाची सापडत नाही, म्हणून नोव्हेंबरातच उतरवून छापून ठेवा.