मुलाचे टॉन्सिल काढायचे आहेत: कोणत्या पद्धतीत त्रास कमी?

ऑपरेशन ठरलं की कानावर नावं येतात: कोल्ड डिसेक्शन, कॉटरी, कोब्लेशन. मग आईवडील कुठलं यंत्र चांगलं याचा शोध घेत बसतात. माझ्या मते त्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायला हवा: टॉन्सिल पूर्ण काढणार, की आवरण ठेवून फक्त आतला भाग? मुलाला किती दुखेल आणि ते कधी खेळायला लागेल, हे यंत्रापेक्षा या उत्तरावर जास्त अवलंबून असतं.

टॉन्सिलभोवती पातळ आवरण असतं आणि त्याच्या लगेच मागे घशाचा स्नायू. टॉन्सिल आवरणासकट काढले की हा स्नायू उघडा पडतो, आणि प्रत्येक घोट गिळताना तोच आवळला जातो. आवरणाच्या आतून काढण्याच्या, म्हणजे इंट्राकॅप्स्युलर पद्धतीत टॉन्सिलचा बहुतेक भाग जातो, पण स्नायूवर पातळ थर शिल्लक राहतो. या पद्धतीत मुलं लवकर खाऊ लागतात, वेदनाशामक कमी लागतं आणि नंतर रक्तस्रावही कमी होतो. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2020 साली आढावा घेतला; त्यात या पद्धतीने ऑपरेशन झालेली मुलं पूर्ण टॉन्सिल काढलेल्या मुलांपेक्षा सुमारे 4 दिवस आधी नेहमीच्या हालचालींकडे परतल्याचं दिसलं. त्या अभ्यासांचा दर्जा फारसा भक्कम नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

तोटाही आहे. उरलेला भाग काही मुलांमध्ये पुन्हा वाढतो आणि क्वचित दुसरं ऑपरेशन करावं लागतं. वय जितकं लहान, तितकी ही शक्यता जास्त.

आता पूर्ण काढायचेच असतील तर. कोल्ड डिसेक्शनमध्ये धातूच्या उपकरणांनी टॉन्सिल सोडवतात आणि रक्तवाहिन्या टाक्यांनी बांधतात. वेळ थोडा जास्त लागतो, ऑपरेशनच्या वेळी रक्तही थोडं जास्त जातं. पण आजूबाजूचा भाग भाजत नाही. कॉटरीत विजेच्या उष्णतेने कापणं आणि रक्त थांबवणं एकदमच होतं. काम झटपट उरकतं, मात्र तापमान 400 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, त्यामुळे नंतरचं दुखणं सहसा जास्त. ब्रिटनमध्ये 2003-04 मध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत उष्णतेच्या पद्धतींनंतर रक्तस्रावाचं प्रमाण कोल्ड डिसेक्शनपेक्षा जास्त आढळलं होतं.

कोब्लेशनची जाहिरात ‘कमी वेदना’ म्हणून होते. सलाइन आणि रेडिओलहरींच्या मदतीने ते 40 ते 70 अंशांवर चालतं, म्हणून कागदावर फरक मोठा वाटतो. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र पहिल्या काही दिवसांतला फायदा इतका थोडा निघाला, की मुलाला तो जाणवेलच असं म्हणता येत नाही. त्यामुळे पूर्ण टॉन्सिल काढताना केवळ कोब्लेशनसाठी मी डॉक्टर बदलणार नाही. ज्या पद्धतीवर त्यांचा हात बसलाय, तीच त्यांना करू द्यावी.

मुख्य त्रास घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा असेल, तर इंट्राकॅप्स्युलर पद्धतीबद्दल आवर्जून विचारा. इथे गरज वाट मोकळी करण्याची असते, आणि त्यासाठी स्नायू उघडा पाडावा लागत नाही. वारंवार घसा सुजून ताप येत असेल, तर अनेक सर्जन अजून पूर्ण काढणंच पसंत करतात, कारण उरलेल्या भागात पुन्हा संसर्ग होऊ शकतो. मग जास्त दिवस दुखणार, हे धरूनच चालावं.

पूर्ण टॉन्सिल काढल्यावर त्रास 10 ते 14 दिवस राहू शकतो, आणि तो रोज थोडा थोडा कमी होत जात नाही. दुसऱ्या दिवशी हसणारं मूल चौथ्या दिवशी पाण्याचा पेला बघून तोंड फिरवतं, थुंकी गिळायची टाळून ओठांवाटे गळू देतं, कान दुखतोय म्हणून रडतं. कानात काही झालेलं नसतं. घसा आणि कान यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात. घशात पांढरट-पिवळी खपली दिसते, तोंडाला वास येतो. तो पू नव्हे, जखम भरतेय.

या दिवसांत पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आयबुप्रोफेन, वजनानुसार ठरलेल्या मात्रेत वेळेवर द्या. मूल रडायला लागेपर्यंत थांबू नका. दुखलं की मूल पाणी पिणं बंद करतं, आणि घसा कोरडा पडला की दुखणं आणखी वाढतं. कोडीन हे वेदनाशामक टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर 18 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो. अ‍ॅस्पिरिनही नको.

साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. तोंडातून ताजं लाल रक्त आलं, उलटीत रक्त दिसलं किंवा झोपेत मूल सारखं काहीतरी गिळतंय असं वाटलं, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा, पद्धत कोणतीही असो.