सीलबंद नॅट आणि वाटीतलं केशर

आधी रक्कम सांगून टाकतो: 7,200 रुपये. वीतभरही नसलेल्या प्लास्टिकच्या विमानासाठी. बायकोला मी 1,200 सांगितले होते, तेही आता उघडं पडलंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर नावाच्या भागातला. 1985 मध्ये महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर मिराज लढाऊ विमानं आली तेव्हा मी नववीत होतो. वर्गात आवाज आला की मास्तरही फळ्याकडून खिडकीकडे वळायचे. तेव्हापासूनचं हे वेड. 1:72 मापाची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, चाळीसेक विमानं जोडून झाली आहेत, काचेचं कपाट भरलंय. जुन्या किटांचे खोके, साचे, डिकल (पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची छापील चिन्हं) यातलं बऱ्यापैकी कळतं. म्हणजे मला फसवणं अवघड जायला हवं होतं.

निमित्त झालं काकांचं सहस्रचंद्रदर्शन. काका हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, 1971 साली नॅट या लढाऊ विमानाच्या तुकडीत. नॅट म्हणजे चिलट, आणि विमानही तसंच: इतकं बुटकं की बरंचसं काम शिडीशिवाय, जमिनीवर उभं राहून व्हायचं. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखोंनी 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर ज्यातून झुंज दिली ते हेच. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्या झुंजीचं. काकांना त्यांचं नॅट हातात द्यायचं असं मी ठरवलं. कार्यक्रम फेब्रुवारीत होता आणि मी शोधायला लागलो नोव्हेंबरात.

एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. ‘साठच्या दशकातलं एअरफिक्स नॅट, सीलबंद, भारतीय हवाई दलाच्या मूळ डिकलसह.’ एअरफिक्स म्हणजे अशी किट बनवणारी जुनी ब्रिटिश कंपनी. फोन केला. माणूस बोलायला गोड. मी उत्साहाच्या भरात काकांची सगळी कथा सांगून बसलो. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा त्याचेही वडील हवाई दलात होते! ‘भाईसाहब, पापा का कलेक्शन है, आप जैसे कदरदान को ही दूंगा.’ पहिल्या फोनमध्ये वडिलांचा उल्लेखसुद्धा नव्हता, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा माझा गळा दाटून आला होता. वर बंगळुरूचा एक गिऱ्हाईक पूर्ण पैसे द्यायला तयार आहे म्हणाला. मी त्याच संध्याकाळी यूपीआयने पैसे पाठवले.

पार्सल आठ-नऊ दिवसांत आलं. खोका, त्यावर चकचकीत पारदर्शक वेष्टन. इथेच मला थांबायला हवं होतं. साठच्या दशकात एअरफिक्सची छोटी विमानं खोक्यात नसायचीच. प्लास्टिकची पिशवी आणि वर घडी घालून स्टेपल केलेला छापील कागद, असं यायचं. हे मला पाठ आहे, दुसऱ्यांना मी सांगत आलोय. पण समोर सीलबंद खोका होता आणि तो माझा होता. शिवाय सील फोडलं की किंमत जाते, म्हणून महिनाभर कपाटावर तसाच ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. एका मित्राने वेष्टनाच्या शिवणीवर बोट फिरवून म्हटलं, ‘अरे, आपल्या गजकच्या (तिळाच्या मिठाईच्या) डब्यांना असंच असतं.’ मी हसलो. वेष्टनाचा रोल आणि गरम हवेची बंदूक असली की कोणताही खोका पाच मिनिटांत ‘सीलबंद’ होतो. सीलबंद मालाचा भामट्याला दुसरा फायदा असा की गिऱ्हाईक तो लगेच उघडत नाही. तोवर त्याचा नंबर बंद.

जानेवारीत खोका उघडला. स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, पायलटच्या खुर्च्या दोन. कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, लांबलचक. आत होतं ते ब्रिटिश शिकाऊ वैमानिकांचं नॅट टी.1, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या चमूने सुरुवातीला वापरलेलं. आपलं लढाऊ नॅट एक आसनी, आणि त्याचे पंखही लहान. पंखांची दोन्ही टोकं जुळवून पट्टीने मोजलं तर दहा सेंटीमीटरच्या वर गेलं. 1:72 मध्ये आपलं नॅट साडेनऊच्या आतच राहतं. एअरफिक्सचं जुनं नॅट दोन आसनी आहे हेही मला माहीत होतं हो. जाहिरातीत तिरंगी गोल दिसले आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

मनाशी म्हटलं, विमान चुकलं तर चुकलं, डिकल तरी वापरू. एक आसनी किट दुसरीकडून आणू. जुन्या डिकलचा भरवसा नसतो, म्हणून कोपऱ्यातला एक छोटा क्रमांक कापून कोमट पाण्याच्या वाटीत सोडला. खरं जुनं डिकल असतं तर ते पिवळं पडलेलं असतं, सुटायला वेळ लावतं, फार तर तडकून त्याचे तुकडे होतात. त्याचा रंग मात्र पाण्यात उतरत नाही. माझ्या वाटीत वीस सेकंदांत काळी शाई तरंगायला लागली. मग हट्टाने तिरंगी गोल टाकला. दुधात केशर सोडावं तसा भगवा पसरला, त्याच्या पाठोपाठ हिरवा. घरच्या इंकजेटवर छापलेला कागद, वर वॉर्निशचा हातही नाही.

राहिलेला एक गोल मी वॉर्निश मारून वाचवला आणि कॅमोफ्लाजच्या हिरव्या रंगाच्या तुकड्यावर बसवून पाहिला. मधलं पांढरं कडं गायब! साधा इंकजेट पांढरा रंग छापतच नाही. पांढरं दिसतं ते खालच्या कागदाचं. गडद पंखावर ठेवलं की तिथे पंखाचाच रंग दिसतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पहिला प्रश्न: ‘पार्सल तर मिळालं ना?’ मिळालं होतं. पैसे जाऊन दोन महिने झालेले. लगेच कळवलं असतं तर रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता तरी होती. त्याने स्वतःचे सगळे मेसेज माझ्याही फोनवरून पुसले होते. माझ्याकडे उरला एक यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट, तोही मित्राला फुशारकी मारायला पाठवला होता म्हणून.

आता मी विक्रेत्याला सांगतो, खोका उघड, स्प्रू पसर, शेजारी पट्टी आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठव. डिकलचा फोटो तिरप्या उजेडात मागतो, कारण जुन्या छपाईत शाईचा थर थोडा उठून दिसतो आणि इंकजेटचा सपाट असतो. साच्यावर कोरलेलं साल दाखवून कुणी वय सांगत असेल तर ते साच्याचं वय. त्याच साच्यातून पुढे कितीतरी वर्षं माल निघतो. सील फोडायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग त्याचे वडील कुठेही असोत. पार्सल त्याच दिवशी उघडतो आणि बायको व्हिडिओ काढते. ती हे फार आनंदाने करते.

कार्यक्रमाला एक आसनी नॅट वेळेत आलं नाही. मी हेच दोन आसनी जोडून, चंदेरी रंगवून, चिन्हांशिवाय नेलं. काकांनी चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ धरलं, पोटाखालून पाहिलं, चाकांवर बोट फिरवलं.

‘छान जोडलंयस रे,’ म्हणाले. मग कॅनॉपीवर नख टेकवून, ‘पण हा मागे कोण बसलाय?’