क्रोर लिहू की मिलियन?

भाची एका संस्थेचा इंग्रजी अहवाल लिहितेय. काल तिचा फोन: "मामा, अडीच कोटीला टू पॉइंट फाइव्ह क्रोर लिहू की ट्वेंटी-फाइव्ह मिलियन?"

आधी मूळ बघू. 'मिलियन' इटालियन 'मिलियोने'वरून आला. 'मिले' म्हणजे हजार, पुढे मोठेपणा दाखवणारा प्रत्यय. थोडक्यात थोरला हजार! 'लाख' आणि 'क्रोर' आपल्या लक्ष-कोटीचेच वंशज, आणि इंग्रजी शब्दकोशांतही आहेत. म्हणजे ते अशुद्ध इंग्रजी, हा आक्षेप बाद.

नेमकेपणात मात्र मिलियनचं भावंड घोटाळा करतं. 1484 मध्ये फ्रेंच गणिती निकोला शुके याने 'बिलियन' म्हटलं ते मिलियन गुणिले मिलियन, म्हणजे आपले एक लाख कोटी. आजच्या इंग्रजीत तो शंभर कोटींचा. ब्रिटिश सरकारने 1974 मध्ये हा छोटा अर्थ स्वीकारला. फ्रेंच आणि जर्मनमध्ये मोठाच चालतो. आपल्याकडे क्रोरने असा रंग बदलला नाही.

वाचणाऱ्याला त्रास कशाचा? स्वल्पविरामांचा. 2,50,00,000 आणि 25,000,000 एकाच तक्त्यात आले की वाचणारा शून्यं मोजत बसतो. तिच्या मसुद्यात तेच झालं होतं.

अहवाल इथल्या सभासदांसाठी, हिशेबनीसांसाठी असेल तर बिनधास्त क्रोर. परदेशी देणगीदारांकडे जाणार असेल तर मिलियन. जुनी ब्रिटिश पुस्तकं किंवा फ्रेंच-जर्मन कागद चाळून आकडे घेत असशील, तर 'बिलियन' दिसताच शून्यं मोज.